मागणाऱ्याला काय म्हणायचं?

मागणाऱ्यासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत. अर्जदार, याचक, तक्रारदार, फिर्यादी, उमेदवार, गरजू, लाभार्थी, भिक्षेकरी, मागतकरी, पृच्छक, जिज्ञासू. पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाच्या जागी दुसरा घातला की माणसाची पायरी बदलते, आणि कागद ज्याच्या टेबलावर जातो तो त्या पायरीकडं बघूनच बोलायला लागतो.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी लोकांचे अर्ज, निवेदनं, प्रतिज्ञापत्रं लिहून देते. वडील हे काम टाइपरायटरवर करायचे, मी कॉम्प्युटरवर करते. जावळीतून, कोयना खोऱ्यातून, माण-खटावातून माणसं येतात आणि "ताई, येवढा कागूद लिवून द्या" म्हणत समोर बसतात. काय हवंय ते त्यांच्या मनात पक्कं असतं. आपण कोण म्हणून मागतोय, हे मात्र ठरलेलं नसतं. ते ठरवून देणं हा माझ्या कामाचा गाभा आहे असं मी मानते. ते कसं ठरवायचं ते इथं सांगते. अर्ज लिहिणाऱ्यांना याचा उपयोग होईलच, पण बातमी, कथा, शाळेतला निबंध लिहिणाऱ्यांनाही व्हावा.

आधी जोर बघा, मग शब्द

शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारा: हा माणूस कशाच्या जोरावर मागतोय? कायद्याच्या, नात्याच्या, देवाधर्माच्या, की नुसत्या गरजेच्या? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न, आणि तो जास्त कामाचा: समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक आहे का? 'नाही' म्हणण्यासाठी त्याला लेखी कारण द्यावं लागत असेल, तर मागणारा हक्कदार आहे. 'नाही' म्हणायची पूर्ण मोकळीक असेल, तर तो विनंती करणारा आहे. आणि 'नाही' ऐकल्यावर त्याच्यापुढं दुसरं कुठलंच दार उरत नसेल, तरच त्याला याचक म्हणा.

एकच शेतकरी घ्या. वडील वारले, सातबाऱ्याला स्वतःचं नाव लागायचंय, म्हणून तो तलाठ्याकडं जातो. तिथं तो अर्जदार. त्याच नोंदीवर चुलतभावानं आक्षेप घेतला तर चुलतभाऊ हरकतदार. तोही मागतोच आहे, पण नोंद होऊ नये असं मागतोय. मग आपला शेतकरी सोसायटीत पीककर्जासाठी जातो. कर्ज मंजूर होईपर्यंत तो सभासद आणि अर्जदार, रक्कम खात्यावर पडली की कर्जदार. संध्याकाळी बियाण्याला पैसे कमी पडले म्हणून शेजारच्या दादांकडून हातउसने घेतो. तिथं त्याला कुठलंच नाव नाही, आणि देऊही नये. हातउसन्यात कागद आला की शेजार संपतो. रविवारी पालीच्या खंडोबाला जाऊन तो नवस बोलतो, तेव्हा तो भक्त. माणूस तोच, गरजही जवळपास तीच. जोर बदलला, म्हणून शब्द बदलला.

'घेणेकरी' आणि 'देणेकरी' यात लिहिणारे नेहमी गोंधळतात. ज्याचं येणं आहे, जो वसुलीसाठी दारात येतो तो घेणेकरी. ज्याला द्यायचं आहे तो देणेकरी. जुन्या कागदात आणि कोर्टात हेच धनको आणि ऋणको होतात. 'घेणेकरी दारात बसला' या वाक्यात मागणारा वरचढ असतो आणि ज्याच्याकडं मागितलं जातंय तो खाली मान घालून उभा असतो, हे लक्षात ठेवा. मागणारा दर वेळी लाचारच असतो असं नाही.

'दार' लागलेले शब्द

अर्जदार, तक्रारदार, हरकतदार, दरखास्तदार, हक्कदार. 'दार' म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. हे शब्द फारसी-अरबीतून कचेरीच्या वाटेनं मराठीत आले आणि इथलेच झाले. अर्ज म्हणजे पुढं मांडणं. म्हणून अर्जदार या शब्दात वाकणं नाही, गयावया नाही. जो आपलं म्हणणं मांडतो तो अर्जदार. सरकारी कचेरीत काही मागताना मी आधी हाच शब्द धरते, आणि सोडायचं सबळ कारण असेल तरच सोडते.

माहिती अधिकाराच्या अर्जात या शब्दाचं वजन सगळ्यात स्वच्छ दिसतं. 2005 च्या त्या कायद्यात कलम 6(2) म्हणतं की माहिती का हवी हे अर्जदारानं सांगायची गरज नाही. मागणाऱ्याला 'कशाला हवंय?' असं विचारायलाच मनाई. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, एकाच विषयावर साधारण 150 शब्दांत मागणी लिहायची, आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. तरी लोक येऊन सांगतात, "ताई, वरती जरा आमची अडचण लिवा." मी लिहीत नाही. अडचण लिहिली की अर्जदाराचा विनंती करणारा होतो आणि समोरच्याला अडचण खरी की खोटी हे तपासत बसायची सवड मिळते.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्या कागदावर तोच माणूस अपिलार्थी होतो. दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. तिथंही अपिलार्थीच. 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, एखादी गोष्ट साधायला निघालेला. विद्यार्थी, परीक्षार्थी, प्रशिक्षणार्थी, शरणार्थी, सगळे याच घरचे. विद्यार्थी हासुद्धा मागणाराच आहे, विद्या मागणारा, आणि तरी या शब्दाला कुठं कमीपणा चिकटलेला नाही.

'लाभार्थी' हा शब्द मात्र जपून वापरा. रचना तीच, पण योजनांच्या जाहिरातींनी तो वाकवून टाकलाय. लाभ कुणीतरी देतो आणि लाभार्थी तो घेतो, असा त्याचा आजचा सूर आहे. मंजूर यादीत किंवा अनुदानाच्या तक्त्यात तो ठीक, कारण तिथं खरोखर लाभ मिळून गेलेला असतो. पण मागताना माणसानं स्वतःला लाभार्थी म्हणवून घेऊ नये. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात दाखला मागणाऱ्यासाठी 'पात्र व्यक्ती' असा शब्द आहे, तो मला फार आवडतो. पात्र असलेल्याला ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचा, नाही दिला तर त्यानं अपील करायचं. उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्याला उशीर झाला तर मी अपिलात 'मी पात्र व्यक्ती असून' अशीच सुरुवात करते.

मागणाऱ्याला ताठ उभं करायचं काम आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात एकदा मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांनी मांडली, तिथल्या शिवारात करून बघितली, आणि 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. 1977 साली तिचा कायदा झाला. 'मागेल त्याला काम' हे तिचं ब्रीद. यात 'मागेल' हे क्रियापद बघा. काम मागायचं, 15 दिवसांत मिळायला हवं, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. अशा कागदावर 'कृपया काम द्यावे' हे वाक्य शोभत नाही. 'कामाची मागणी करीत आहे' असंच लिहायचं, आणि मागणी करणारा म्हणून सही करायची. जत, आटपाडी, माण या भागातल्या माणसांना हे क्रियापद कसं वापरायचं ते बरोबर माहीत आहे.

तक्रारदार, फिर्यादी, वादी

हे तिघं न्याय मागणारे, म्हणजे दाद मागणारे. (गाण्याच्या मैफलीत दाद देतात आणि कोर्टात दाद मागतात. फारसीत दाद म्हणजे न्याय.) पण तिघांची ठिकाणं वेगळी आहेत आणि इथं शब्द चुकला तर नुकसान होतं.

दिवाणी दावा लावणारा वादी, त्याच्यासमोर प्रतिवादी. निकाल हातात आला आणि तो अमलात आणायला पुन्हा कोर्टात जावं लागलं, की वादी दरखास्तदार होतो. उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्ध आदेश मागणारा अर्ज, घेऊन जाणारा याचिकाकर्ता. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय, त्यामुळं साताऱ्या-सांगलीच्या याचिकाकर्त्याला आता मुंबई गाठावी लागत नाही. याचिका आणि याचक यांचं मूळ एकच, याच् म्हणजे मागणं. तरी याचिकाकर्ता संविधानाच्या कलम 226 च्या आधारावर उभा असतो आणि याचक दुसऱ्याच्या मनावर अवलंबून असतो. निबंधात 'न्यायालयात गेलेला याचक' असं कुणी लिहिलं तर ते सरळ खोडा.

ग्राहक आयोगात गेलात तर तुम्ही तक्रारदार, आणि ज्याच्याविरुद्ध गेलात तो आपल्या भागातल्या कागदांवर जाबदार किंवा सामनेवाला.

पोलिसांकडचा फरक सगळ्यात महत्त्वाचा. 'तक्रार अर्ज' दिला तर तुम्ही अर्जदार किंवा तक्रारदार, आणि त्या अर्जाची चौकशी होते. 'फिर्याद' दिली तर तुम्ही फिर्यादी, आणि गुन्हा नोंदवला जातो. नोंदवलेल्या फिर्याद-कागदाची एक प्रत फिर्यादीला फुकट मिळते. माणसं ठाण्यातून येतात आणि "फिर्याद दिलीया" म्हणतात, हातातला कागद बघावा तर तक्रार अर्ज असतो, त्यावर नुसता आवक शिक्का. दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकुमाविना तपास करता येतो असा गुन्हा, घडला असेल तर कागदाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात 'फिर्याद' हा शब्द हवा, आणि नावापुढं 'फिर्यादी'.

आता एक वाईट शब्द. तक्रारखोर. तक्रारदारात 'दार' आहे, तक्रारखोरात 'खोर'. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर यांच्या रांगेत नेऊन बसवणारा प्रत्यय. सारखे अर्ज करणाऱ्या माणसाला कचेरीत पाठीमागं हे नाव पडतं. बातमीत किंवा अहवालात हा शब्द आला की समजा, लिहिणाऱ्यानं तक्रार वाचलेली नाही. एकाच गटारीसाठी एका आजोबांनी ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि शेवटी लोकशाही दिनाला अर्ज दिला. (जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो जिल्ह्याचा लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.) गटार तुंबलेलीच होती, म्हणून अर्ज पुन्हा पुन्हा झाले. अशा माणसासाठी 'चिकाटीचा तक्रारदार' म्हणा, 'पाठपुरावा करणारा' म्हणा. 'खोर' नको.

याचक, भिकारी, भिक्षेकरी, भिक्षुक

इथं घाई करू नका, कारण एका अक्षरात अर्थ पालटतो.

भीक आणि भिक्षा एकाच मुळाचे, पण भीक लाचारीची आणि भिक्षा व्रताची. मुंजीत बटू 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो, तेव्हा मामा-मावशांना कौतुक वाटतं. सज्जनगडाच्या पायथ्याशी आमचं शहर, त्यामुळं खांद्याला झोळी लावून 'जय जय रघुवीर समर्थ' म्हणत दारात उभा राहिलेला रामदासी आम्हांला परका नाही. समर्थ संप्रदायात भिक्षा ही साधना आहे. मागता मागता अहंकार झडावा आणि दारोदार फिरून लोकांची स्थिती कळावी, असा तिचा हेतू. त्या माणसाला भिकारी म्हणालात तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते लागेल.

भिक्षुक हा शब्द आणखी निराळा. मराठीत भिक्षुक म्हणजे पूजा, लग्न, श्राद्ध सांगणारे गुरुजी, आणि भिक्षुकी हा त्यांचा व्यवसाय. हिंदी वाचणारी पोरं निबंधात 'रस्त्यावरचा भिक्षुक' लिहितात, ते मराठीत चुकतं. भिक्षू किंवा भिक्खू म्हणजे बौद्ध धम्मातला दीक्षित. शिकण्यासाठी ठरलेल्या घरांतून शिजलेलं अन्न आणणारा तो माधुकरी मागणारा, आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात घरं ठरवून जेवणारा तो वार लावून जेवणारा विद्यार्थी. यांनाही भिकारी म्हणत नाहीत.

उरला तो रस्त्यावर हात पसरणारा. त्याच्यासाठी सरकारी शब्द भिक्षेकरी. 1959 च्या भिक्षा प्रतिबंध कायद्याखाली ज्यांना ठेवतात त्या जागेला भिक्षेकरी गृह म्हणतात. बातमीत हाच शब्द वापरावा. 'भिकारी' आता शिवी झालाय, कंजूष माणसालाही आपण तेच म्हणतो.

मागतकरी हा माझ्या जीवाभावाचा शब्द. पहाटे मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव, कुडमुडं वाजवत भविष्य सांगणारा पिंगळा, संबळावर गोंधळ घालणारे गोंधळी, आसूड मारून घेणारा पोतराज, नंदीबैलवाला, हे मागतकरी. हे काहीतरी देतात आणि मग मागतात. वासुदेव पसाभर धान्य घेतो आणि 'दान पावलं' म्हणत ते कुठकुठल्या देवाला पावलं ते गाऊन सांगतो. घेतलेल्या दाण्याची ती पोचच. सुगीत खळ्यावर यांचा वाटा ठरलेला असायचा आणि त्याला लोक हक्कच म्हणायचे. कथेत वासुदेव आणलात तर त्याला 'याचक' करू नका. त्याचा तो अपमान आहे.

तसाच जोगवा. मंगळवारी किंवा शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणारी बाई बागायतदाराची सून असू शकते. तिला गरज नाही, नेम आहे. तिच्यासाठी 'जोगवा मागणारी' एवढंच लिहा. एका शब्दात मावणारं नाव शोधत बसू नका.

आणि दुसऱ्यासाठी मागणारा? त्याच्यासाठी मराठीत सुटसुटीत एक शब्द नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या गोरगरिबांच्या मुलांसाठी अण्णा, म्हणजे भाऊराव, गावोगाव धान्य आणि पैसा मागत हिंडले. बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, तो मुष्टिफंड. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने बोर्डिंगसाठी मोडले. मी त्याच संस्थेत शिकलेली, त्यामुळं हे लिहिताना माझा ऊर भरून येतो. अशा माणसाला याचक म्हणायचं नाही, 'देणगीदार' तर तो नव्हेच. 'लोकवर्गणी उभी करणारा', 'पोरांसाठी झोळी घेऊन निघालेला' असं उलगडून लिहा. झोळी हा शब्द स्वतःसाठी आला तर दैन्याचा, दुसऱ्यासाठी आला तर मानाचा.

मग याचक वापरायचा कधी? अगदी क्वचित. देवापुढं उभ्या असलेल्या माणसासाठी तो शोभतो, कारण तिथं हक्क चालत नाही. 'दारी आलेला याचक' हे कथा-कीर्तनात ठीक. तहसीलदारापुढं, साखर कारखान्यापुढं, बँकेपुढं नाही.

माहिती, ज्ञान, खुशाली विचारणारे

वस्तू न मागता उत्तर मागणारे, हा दुसरा गोतावळा. यातले बहुतेक शब्द सोपे आहेत, म्हणून भराभर सांगते.

जाणून घ्यायची ओढ असलेला तो जिज्ञासू. हा शब्द नेहमी चांगल्या अर्थानंच येतो. बारीकसारीक बघणारा, विचारणारा तो चौकस. पोरगं चौकस आहे म्हटलं की आई खूश होते. नको तिथं विचारणारा भोचक. उत्तर मिळालं तरी समाधान न होणारा शंकेखोर. सभागृहात प्रश्न मांडणारा प्रश्नकर्ता. ज्योतिषापुढं बसून प्रश्न विचारणारा पृच्छक, आणि हा शब्द त्या खोलीबाहेर फारसा काढू नका, कृत्रिम वाटतो. मोक्षाची ओढ लागलेला मुमुक्षू. बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध या चार पायऱ्या समर्थांच्या निरूपणात येतात, त्यात तहान लागलेला असा हा दुसऱ्या पायरीवरचा.

'विचारपूस' आणि 'चौकशी' यांत मात्र थांबा. दवाखान्यात पडलेल्या माणसाची आपण विचारपूस करतो, त्यात माया असते. चौकशी कचेरी करते, पोलीस करतात. 'शेजाऱ्यांनी माझी चौकशी केली' हे वाक्य बोलण्याच्या ओघात मायेचंही असू शकतं, पण कागदावर ते संशयाचं वाचलं जातं. जबाब लिहिताना हे सांभाळा.

नोकरी मागणारा उमेदवार, म्हणजे उमेद धरून असलेला. आपल्याकडं गॅरेजमध्ये, वकिलाच्या हाताखाली काम शिकणाऱ्यालाही 'उमेदवारी करतोय' म्हणतात. निवडणुकीत तिकीट मागत फिरतो तोवर इच्छुक, फॉर्म भरला की उमेदवार.

लग्नाच्या मागणीत 'मागणी घालणारे' किंवा नुसतं 'मागणं आलंय' एवढं पुरतं. रस्त्यावर उतरलेले मोर्चेकरी, आत जाऊन कागद देणारं शिष्टमंडळ, आणि त्या कागदाला अर्ज म्हणू नका, निवेदन म्हणा. निवेदनाखाली 'अर्जदार' लिहिलं की आंदोलनाचं बळ गेलं.

एक कागद, आधी आणि नंतर

गावातून एक आजी आल्या होत्या. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन हवं होतं, गावाकडं त्याला सगळे पगारच म्हणतात. कुणीतरी अर्ज लिहून दिलेला होता. त्यात असं होतं:

"तहसीलदारसाहेबांचे चरणी, मी एक अभागी, गरीब, निराधार विधवा बाई आपणापुढे पदर पसरून भीक मागते की माझ्यावर दया करून मला पगार चालू करावा, ही या भिकारणीची हात जोडून विनंती."

या कागदात आजींचं वय नाही. कुठल्या योजनेखाली मागतायत ते नाही. उत्पन्नाचा आकडा नाही. सगळी जागा दैन्यानं खाल्लेली. मी तो असा केला:

"प्रति, मा. तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा.
विषय : श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेखाली निवृत्तीवेतन मंजूर होण्याबाबत.
अर्जदार : श्रीमती (पूर्ण नाव), वय (पूर्ण वर्षे), राहणार (गाव, तालुका, जिल्हा सातारा).
महोदय, माझे वय 65 वर्षांपेक्षा जास्त आहे. मी जन्मापासून या जिल्ह्याची रहिवासी आहे. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका व बँक पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. मी योजनेस पात्र असल्याने निवृत्तीवेतन मंजूर करून तसे लेखी कळवावे, ही विनंती."

वाचून दाखवल्यावर आजी म्हणाल्या, "येवढं ताठ लिवलं तर साहेब रागावंल की." मी त्यांना सांगितलं की शेवटी 'ही विनंती' आहे, नमस्कार त्यात आला. साहेबांना दया दाखवायची नाहीय, कागद तपासून मंजुरी द्यायचीय, आणि तपासायला लागणारं सगळं आता त्यात आहे. 'विधवा' हा शब्द मी काढला, कारण या योजनेत वय बघतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असता तर 'विधवा' आणि 'निराधार' दोन्ही ठेवले असते, कारण तिथं ते पात्रतेचे शब्द आहेत, दुःखाचे नव्हेत.

उलट बाजूही सांगते. शाळेची फी हप्त्यानं भरायची सवलत हवी आहे, बँकेकडून मुदतवाढ हवी आहे, रजा संपल्यावर आणखी दोन दिवस हवे आहेत. इथं समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते. इथं 'मी पात्र असल्याने मंजूर करावे' असं लिहिलं तर ते उद्धट वाटतं. 'विनंती अर्ज' असं वर लिहा, अडचण दोन ओळींत खरी खरी सांगा, कधीपर्यंत भरणार ती तारीख घाला, 'सहकार्य करावे' म्हणा. तिथंही स्वतःला 'गरजू' म्हणायची गरज नाही. गरजू हा शब्द दुसऱ्यानं आपल्याबद्दल वापरायचा असतो. 'गरजवंत' त्याहून जुना आणि जरा टोचणारा, 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण त्याच्या मागं लागलेली आहे.

सही करताना

बाई मागत असेल तरी अर्जदार, तक्रारदार, फिर्यादी, अपिलार्थी हे शब्द तसेच राहतात, फक्त क्रियापद 'सादर करते' असं घ्या. याचिकाकर्त्याचं याचिकाकर्ती होतं.

'आपला आज्ञाधारक' ही जुनी ओळ नागरिकानं लिहू नये, ती नोकरानं वरिष्ठाला लिहायची. 'आपला विश्वासू' ठीक. मला विचाराल तर उजवीकडं खाली नुसतं 'अर्जदार' लिहा, त्यावर सही, खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा, त्याशेजारी 'निशाणी डावा अंगठा, श्रीमती अमुक यांचा' असं दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं, आणि त्या दुसऱ्याची साक्षीदार म्हणून सही व नाव. अंगठा दिला म्हणून अर्जदार कमी होत नाही, पण साक्षीदाराचं नाव नसेल तर कागद परत येतो. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती पोच अर्जदाराच्याच हातात द्या. लिहून देणाऱ्यानं स्वतःकडं ठेवून घेऊ नये.